इस्राएलचा देव आणि कनानचें देवघर

अलिबागजवळच्या खंडाळें गांवीं एक खडक आहे. त्यावरची खूण एलियाहू हन्नाबी याच्या रथाची, अशी कोंकणांतील बेने इस्राएल समाजाची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारपाजारच्या लोकांनीं ज्यांना 'शनिवार तेली' हें नांव दिलें, तोच हा समाज. नवस फेडतांना किंवा मंगलकार्याच्या वेळीं पोहे, गूळ, खोबरें आणि फळें यांचा मलिदा सिद्ध करून हे लोक याच एलियाहूचें स्मरण करितात. 'हन्नाबी' म्हणजे संदेष्टा. मराठी बायबलांत ज्याला एलीया म्हटलें आहे, तोच हा पुरुष. इ. स. पूर्व नवव्या शतकांत तो इस्राएलच्या राज्यांत होऊन गेला, आणि आपलें सारें आयुष्य त्यानें एकाच झगड्यांत वेंचलें. तो झगडा कनान देशाच्या बआल नांवाच्या देवाशीं होता.

एलियाहू हें नांव म्हणजेच त्या झगड्याची घोषणा होय. 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' हें इस्राएलच्या देवाच्या विशेषनामाचें संक्षिप्त रूप. याहू हाच माझा देव, असें हें नांव सांगतें. परंतु या घोषणेंतला पहिलाच शब्द, 'एल', कोठून आला हें शोधूं गेल्यास ती वाट थेट कनानी लोकांच्या देवघरांत जाऊन पोंचते. ज्या घराविरुद्ध संदेष्टा उभा ठाकला, त्याच घरांतील वडील पुरुषाचें नांव त्याच्या स्वतःच्या नांवांत आधींच येऊन बसलेलें होतें. इस्राएलच्या ईश्वरकल्पनेचा इतिहास या एका नांवांत सांठविलेला आहे, आणि तो उलगडून पाहणें हा या भाषणाचा विषय आहे.

बायबलचा जो भाग यहुदी लोकांचा मूळ धर्मग्रंथ आहे आणि ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, त्यांतील इस्राएल लोकांच्या पूर्वेतिहासाची कथा सर्वश्रुत आहे. मिसर देशांतील दास्यांतून ते सुटले; सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारें त्यांना नियमशास्त्र मिळालें; चाळीस वर्षें रानांत काढल्यावर यहोशवाच्या नेतृत्वाखालीं यार्देन नदी ओलांडून त्यांनीं कनान देश जिंकला. कनान म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रदेश. आजचे इस्राएल, पॅलेस्टाइन व लेबानॉन आणि त्यांना लागून असलेला सीरिया व जॉर्डन यांचा कांहीं भाग त्यांत येतो. तेथील लोकांच्या वेद्या मोडाव्या, त्यांचे स्तंभ फोडावे, अशेरामूर्ति तोडून टाकाव्या, अशी स्पष्ट आज्ञा 'अनुवाद' नांवाच्या पुस्तकांत आहे. या कथेप्रमाणें इस्राएलचा देव बाहेरून आलेला, आणि कनानचे देव हे त्याचे जन्माचे वैरी.

दोन हजारांहून अधिक वर्षें कनानी धर्माची माहिती जगाला मुख्यतः या ग्रंथावरूनच होत आली. म्हणजे फिर्यादीच्या जबानीवरून आरोपीची ओळख करून घेण्यासारखा तो प्रकार होता. आरोपीची स्वतःची जबानी हातीं आली ती विसाव्या शतकांत, आणि तीहि योगायोगानें.

१९२८ सालीं सीरियाच्या किनाऱ्यावर, लाटाकिया शहराच्या उत्तरेस, एका शेतकऱ्याचा नांगर जमिनींतल्या दगडाला अडला. दगड हालवितांच खालीं एक प्राचीन थडगें निघालें. सीरिया त्या वेळीं फ्रेंचांच्या ताब्यांत होता. १९२९ सालीं क्लोद शेफेर यांच्या देखरेखीखालीं उत्खननाला आरंभ झाला, आणि जवळच्याच रास शाम्रा नांवाच्या टेकाडाखालीं उगारित हें नगर सांपडलें. इ. स. पूर्व १२०० नंतर लवकरच तें जळून उद्ध्वस्त झालें होतें व पुन्हां पूर्वीसारखें कधीं वसलें नाहीं. त्यामुळें तेथील लेख मातीखालीं सुरक्षित राहिले. मातीच्या पाट्यांवर खिळ्यांच्या आकाराचीं अक्षरें उमटविलेलीं होतीं. दिसण्यांत तीं बाबिलोनच्या लिपीसारखीं, पण एकंदर चिन्हें अवघीं ३०. अर्थात् ही शेंकडों चिन्हांची लिपि नसून वर्णमाला होती. जर्मनींत हान्स बाउअर, यरुशलेममध्यें एदुआर दोर्म आणि फ्रान्समध्यें शार्ल विरोलो या तिघांच्या प्रयत्नांनीं सुमारें वर्षभरांतच ती वाचली गेली, आणि आंतली भाषा हिब्रूची जवळची बहीण निघाली.

या पाट्यांत हिशेब आहेत, पत्रें आहेत, नैवेद्यांच्या याद्या आहेत. आणि इलिमिल्कु नांवाच्या लेखकानें लिहून ठेवलेलें, सहा पाट्यांचें बआलाचें काव्यहि आहे. उगारित हें कनानच्या उत्तर सीमेपलीकडचें नगर. त्याचा धर्म म्हणजे दक्षिणेकडील खेड्यांचा हुबेहूब धर्म, असें मानणें चुकीचें होईल. परंतु देवांचीं नांवें, त्यांचे नातेसंबंध आणि काव्याची घडण हीं दोहोंकडे इतकीं जुळतात कीं, या एकाच कुळाच्या दोन शाखा आहेत हें ओळखण्यास अडचण पडत नाहीं.

उगारितच्या देवमंडळाचा कुटुंबप्रमुख एल हा आहे. 'एल' या शब्दाचा सामान्य अर्थच देव असा होतो. अरबींतील 'इलाह' हा शब्दहि त्याच कुळांतला. एल वृद्ध आहे, त्याची दाढी पिकलेली आहे, तो शहाणा आणि दयाळू आहे. मनुष्यांचा पिता, सृष्ट वस्तूंचा कर्ता, अशीं त्याचीं बिरुदें आहेत. सामर्थ्य दर्शविण्यासाठीं त्याला वृषभहि म्हटलें आहे. नद्यांच्या उगमापाशीं त्याचें निवासस्थान. त्याची पत्नी अथिरात. तीच हिब्रूंतील अशेरा. तिच्या पुत्रांची संख्या ७० सांगितली आहे.

एल हा वडीलधारा, तर बआल हा घरांतला कर्ता तरुण. 'बआल' म्हणजे धनी किंवा मालक. त्याचें खासगत नांव हदद. तो मेघांवर आरूढ होतो, मेघगर्जना हा त्याचा आवाज, आणि आजच्या सीरिया व तुर्कस्तान यांच्या सरहद्दीवरील सापोन पर्वत हें त्याचें स्थान. याम म्हणजे समुद्र. त्याच्याशीं झुंजून बआल राज्य मिळवितो. सात मस्तकांच्या लितान नामक सर्पाला मारल्याची ख्यातिहि त्याच्याकडे आहे. पुढें मोत, म्हणजे मृत्यु, त्याला गिळून टाकतो, आणि पृथ्वी कोरडी पडते. बआलाची बहीण अनात ही मोताचा सूड घेते, बआल परत येतो आणि पाऊस परत येतो. अरबींतून मराठींत आलेला 'मौत' हा शब्द या मोताचा सगोत्र आहे. ज्या देशाची शेती पावसाच्या तोंडाकडे पाहून चालते, तेथें अशा देवाची ओढ केवढी असेल, हें महाराष्ट्रांत समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

आतां हिब्रू ग्रंथाकडे वळल्यावर पहिली गोष्ट लक्षांत येते ती ही कीं, बआलाविरुद्ध संदेष्टे जितक्या त्वेषानें बोलतात, तसा एक शब्दहि ते एलाविरुद्ध बोलत नाहींत. 'इस्राएल' या राष्ट्राच्या नांवांतच एल आहे. मिसरचा राजा मर्नेप्ता याच्या इ. स. पूर्व १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखांत हें नांव बायबलबाहेर पहिल्यानें आढळतें. तो लेख १८९६ सालीं थीब्ज येथें फ्लिंडर्स पेट्री यांना सांपडला. अब्राहाम, इसहाक आणि याकोब या पूर्वजांच्या कथांत देवाचीं नांवें एल एल्योन, एल शद्दाय, एल ओलाम अशीं येतात. शखेमजवळ याकोब वेदी उभारतो, तेव्हां तिला 'एल, इस्राएलचा देव' असेंच नांव देतो. मराठी भाषांतरांत हीं नांवें 'परात्पर देव', 'सर्वसमर्थ देव' अशा रूपांनीं उतरलीं आहेत. त्यामुळें मूळचा एल वाचकाच्या नजरेंतून निसटतो.

इस्राएलच्या देवाचें विशेषनाम मात्र निराळें आहे. तें चार व्यंजनांचें असून यहुदी लोक आदरापोटीं त्याचा उच्चार करीत नाहींत. मराठी बायबलांत त्याच्या जागीं 'परमेश्वर' हा शब्द आहे. सामान्य व्यवहारांत 'यहोवा' हें रूप ऐकूं येतें. विद्वानांच्या मतें मूळ उच्चार 'याह्वे' असा असावा. निर्गमच्या सहाव्या अध्यायांत देव मोशेला सांगतो कीं, पूर्वजांना आपण एल शद्दाय या नांवानें दर्शन दिलें, परंतु याह्वे या नांवानें त्यांना आपली ओळख करून दिली नव्हती. दोन नांवांच्या दोन परंपरा एकत्र आल्या आहेत, याची जाणीव धर्मग्रंथाच्या लेखकालाच होती, हें या वाक्यावरून स्पष्ट होतें.

हा याह्वे आला कोठून? उगारितच्या देवमंडळांत त्याला निश्चित असें स्थान नाहीं. बायबलांतील अत्यंत जुन्या समजल्या जाणाऱ्या गीतांत तो सेईर, पारान, तेमान या ठिकाणांहून निघून येतो असें वर्णन आहे; हीं सारीं नांवें दक्षिणेकडील रुक्ष प्रदेशाचीं. सुदानमधील सोलेब येथें तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या, म्हणजे इ. स. पूर्व चौदाव्या शतकांतील, देवळांत 'शासू' नामक भटक्या लोकांच्या एका प्रदेशाचें नांव कोरलेलें आहे. तें या देवाच्या नांवाशीं मिळतेंजुळतें आहे, आणि पुष्कळ अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. इस्राएलचा देव म्हणून याह्वेचा बायबलबाहेरचा जुना निर्विवाद उल्लेख मवाबचा राजा मेशा याच्या शिलालेखांत, इ. स. पूर्व ८४० च्या सुमारास मिळतो. या सर्वांवरून बरेच विद्वान् असें चित्र रेखाटतात कीं, दक्षिणेकडून आलेल्या कांहीं लोकांनीं याह्वेची उपासना आणली. डोंगराळ भागांतील इस्राएल नांवाचे लोक आधींपासूनच एलाचे उपासक होते. आणि कालांतरानें हे दोन देव एकच मानले गेले. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रँक मूर क्रॉस यांनीं १९७३ सालच्या आपल्या ग्रंथांत याहून वेगळा तर्क मांडला. त्यांच्या मतें याह्वे हें मुळांत एलाचेंच एक बिरुद होतें. कोणतेंहि मत घेतलें तरी एलाला बाजूला सारून इस्राएलच्या देवाचा इतिहास लिहितां येत नाहीं.

या सांध्याची एक खूण ग्रंथांतच राहून गेली आहे. 'अनुवाद' पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायांतील गीतांत परात्परानें राष्ट्रांची वांटणी केल्याचा प्रसंग आहे. प्रचलित हिब्रू पाठाप्रमाणें ही वांटणी 'इस्राएलच्या पुत्रांच्या' संख्येनुसार झाली. परंतु मृत समुद्राकांठच्या कुमरान येथील गुहांत सांपडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितांत तेथें 'देवाच्या पुत्रांच्या' असा पाठ आहे. म्हणजे परात्परानें एकेका राष्ट्राचा वांटा एकेका देवपुत्राकडे दिला, आणि याकोबाचे लोक याह्वेच्या वांट्याला आले, असा अर्थ निघूं शकतो. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायांतील राष्ट्रांची संख्या परंपरेनें ७० मानली जाते, आणि अथिरातचे पुत्रहि ७०. ही जुळणी सहज नजरेआड करण्यासारखी नाहीं. पुढें हा अर्थ कोणा धर्मभीरु लेखनिकाला खटकला असावा, आणि एका शब्दाच्या फेरफारानें देवपुत्रांचे इस्राएलपुत्र झाले.

ग्रंथाची ही साक्ष जमिनीच्या साक्षीशीं जुळते. कॅथलीन केन्यन यांनीं १९५२ ते १९५८ या काळांत यरीहो येथें उत्खनन केलें. यहोशवाच्या स्वारीचा म्हणून जो काळ मानला जातो, त्या काळीं तेथें तटबंदीचें मोठें नगर असल्याचा पुरावा मिळाला नाहीं. उलट, इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास देशाच्या मध्यभागींच्या डोंगरांत शेंकडों लहान खेडीं नव्यानें वसल्याचें पुढील पाहणींत आढळून आलें. तेथील मडक्यांची घडण पूर्वीच्या कनानी परंपरेंतली. भाषा तर कनानी कुळांतलीच; यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत तिचा 'कनानची भाषा' असाच उल्लेख आहे. १९७८ सालीं शोमरोनच्या डोंगरांत त्याच काळांतली, वीतभर लांबीची, कांशाची वृषभमूर्ति सांपडली. ती एलाची, बआलाची कीं याह्वेची, हें कोणालाहि सांगतां आलेलें नाहीं. आणि ती करविणाऱ्याला तरी हा प्रश्न पडला असेल किंवा नाहीं, कोण जाणे. मिसरमधून कांहीं लोक आले असतील; त्यांची आठवण साऱ्या राष्ट्राची आठवण झाली असेल. पण बहुसंख्य इस्राएल लोक हे कनानच्याच मातीचे होते, असें आज बहुतेक संशोधक मानतात.

असें असतां बआलाशीं एवढें वैर कां? एल वडील होता, त्याच्याशीं एकरूप होणें सोपें होतें. बआल मात्र प्रतिस्पर्धी होता. मेघ, पाऊस, पीक आणि राजाचा विजय हीं सारीं त्याच्या हातीं असल्याची लोकांची समजूत. याह्वेनें सर्वसत्ताधीश व्हावें तर हीं त्याच्या हातीं यावयास पाहिजेत. म्हणून बआलाचा धिक्कार झाला, पण त्याचीं आयुधें घेतलीं गेलीं. स्तोत्रसंहितेच्या एकोणतिसाव्या स्तोत्रांत याह्वेच्या गर्जनेनें लेबानॉनचे गंधसरू मोडतात; हें मूळचें बआलाचें फिनिशियन स्तोत्र असावें, असें एच. एल. गिन्झबर्ग यांनीं १९३५ सालींच सुचविलें. यशयाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत याह्वे ज्या लिव्याथान सर्पाला शासन करणार आहे, तो उगारितचा लितानच होय. त्याचीं विशेषणेंसुद्धां जवळजवळ तींच आहेत.

कांहीं काळ तर दोन्ही नांवें एकाच घरांत नांदलीं. शौल राजाच्या एका पुत्राचें नांव एश्बाल, योनाथानाच्या पुत्राचें मरीब्बाल. शमुवेलाच्या पुस्तकांत मात्र हींच नांवें ईशबोशेथ व मफीबोशेथ अशीं बदललेलीं दिसतात. 'बोशेथ' म्हणजे लाज. दाविदाच्या साथीदारांत बआल्या नांवाचा एक वीर आहे, आणि त्याच्या नांवाचा अर्थच 'याह्वे हा धनी' असा होतो. १९१० सालीं शोमरोन येथें खापरांवर लिहिलेल्या तेल व द्राक्षारस यांच्या नोंदी सांपडल्या, त्या इ. स. पूर्व आठव्या शतकांतील आहेत, आणि त्यांत याह्वेयुक्त नांवांच्या जोडीला बआलयुक्त नांवेंहि आहेत. संदेष्टा होशेय त्याच शतकांतला. यापुढें लोक देवाला 'माझा बआल' म्हणणार नाहींत, असें तो सांगतो. तेव्हां तोंवर ते तसें म्हणत होते, हें उघड आहे.

स्त्रीदेवतेची कथा अधिक नाजूक आहे. सीनायच्या ईशान्य भागांतील कुंतिल्लेत अज्रुद येथें १९७५-७६ सालीं झेएव मेशेल यांना इ. स. पूर्व ८०० च्या सुमाराचे मोठे रांजण सांपडले. त्यांवर 'शोमरोनचा याह्वे' आणि 'त्याची अशेरा' यांच्या नांवें आशीर्वाद लिहिलेले आहेत. हेब्रोनजवळच्या एका थडग्यांतील लेखांतहि असाच जोड उल्लेख आहे. येथें अशेरा म्हणजे देवाची पत्नी, कीं तिचें चिन्ह असलेला पवित्र लांकडी स्तंभ, याविषयीं वाद आहे. कारण हिब्रूंत विशेषनामाला 'त्याची' असा प्रत्यय लागत नाहीं. परंतु यरुशलेमच्या मंदिरांतच मनश्शे राजानें अशेरेची मूर्ति बसविली होती, आणि मंदिराच्या आवारांत स्त्रिया अशेरेसाठीं वस्त्रें विणीत असत, हें दुसऱ्या राजांच्या पुस्तकांत नमूद आहे. इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास योशीया राजानें ती मूर्ति बाहेर काढून जाळली. एलाच्या घरची गृहिणी अशा रीतीनें त्याच्या वारसाच्या घरांतून बाहेर पडली. तिच्यासाठीं विणणाऱ्या त्या स्त्रियांना काय वाटलें, हें मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं.

शेवटचा आणि सर्वांत मोठा पालट पराभवानें घडविला. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या फौजेनें यरुशलेमचें मंदिर जाळलें आणि लोकांना धरून नेलें. जुन्या समजुतीप्रमाणें ज्याचें राष्ट्र बुडालें, तो देव हरला. परंतु बाबिलोनमधील बंदिवासांत एका अनामिक संदेष्ट्यानें, ज्याचीं वचनें यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरार्धांत आहेत, नेमका उलट निष्कर्ष काढला: दुसरे देव हरले किंवा जिंकले हा प्रश्नच नाहीं, कारण दुसरे देव मुळांत नाहींतच. इतरांहून थोर देव येथें एकमेव देव झाला. तरीहि हा विचार सर्वत्र पोंचण्यास वेळ लागला. इ. स. पूर्व पांचव्या शतकांत नाईल नदींतील एलिफंटाइन बेटावर यहुदी शिपायांची वसाहत होती. तेथें याहूचें मंदिर होतें, आणि तेथील कागदपत्रांत 'अनात-याहू' या देवतेची शपथ घेतलेली आढळते. बआलाची बहीण इतक्या दूर, इतक्या उशिरांपर्यंत सोबतीला राहिली होती.

या संशोधनानें श्रद्धावंताच्या मनांत अस्वस्थता उत्पन्न व्हावी, हें स्वाभाविक आहे. ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी मराठींत म्हणच आहे. कांहीं विद्वानांनाहि हें मूळ मान्य झालें नाहीं. येहेझ्केल कौफमन यांनीं १९३७ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या विस्तृत हिब्रू ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, इस्राएलची एकेश्वरकल्पना आरंभापासूनच स्वतंत्र होती आणि मूर्तिपूजक धर्मांतून ती उगवलेली नाहीं. मागाहून सांपडलेल्या लेखांपुढें हें मत जसेंच्या तसें टिकलें नाहीं. पण त्यांनीं विचारलेला प्रश्न टिकला. सामग्री कनानची असली तरी तिच्यांतून उभें राहिलेलें घर कनानसारखें कां नाहीं?

याचें उत्तर स्तोत्रसंहितेच्या ब्यायशीव्या स्तोत्रांत शोधावें लागतें. त्यांत देवसभा भरली आहे. ती हुबेहूब कनानी देवसभा. परंतु तेथें एक देव उठून बाकीच्यांवर आरोप ठेवतो, आणि आरोप असा कीं, त्यांनीं दुबळ्यांना व पोरक्यांना न्याय दिला नाहीं. शिक्षा म्हणून ते मनुष्यांप्रमाणें मरतील, असा निकाल लागतो. विधवा व पोरके यांचा न्याय करणें हा सदाचार उगारितलाहि ठाऊक होता; तेथील दानेल नांवाचा कथानायक नगराच्या वेशींत बसून असाच न्याय करितो. पण तेथें तो चांगल्या राजाचा धर्म होता. या स्तोत्रांत तो देवत्वाची कसोटी झाला. जो न्याय करीत नाहीं तो देवच नव्हे, हें वाक्य कनानच्या शब्दांनींच बोललें गेलें, पण कनानमध्यें तें पूर्वीं बोललें गेल्याचें दिसत नाहीं.

या शोधाचा दुसरा धडा कमी सुखाचा आहे. कनानी लोकांचा समूळ उच्छेद करण्याच्या आज्ञा धर्मग्रंथांत आहेत, आणि परक्या भूमीवर चाल करून जाणाऱ्यांनीं पुढील काळांत त्यांचा आधारहि घेतला. आतां असें दिसतें कीं, ते कनानी परके नव्हते. भाषा एक, मडकीं एक, वडील देव एक. भाऊबंदकीचें भांडण परक्यांच्या भांडणाहून अधिक कडवें असतें, आणि तें लिहून ठेवतांना भाऊपणाचा उल्लेख गाळला जातो. तो उल्लेख परत जागेवर लिहिणें, हें इतिहासाचें काम आहे.

शेवटीं पुन्हां एलियाहूकडे वळणें योग्य होईल. कर्मेल डोंगरावर त्यानें बआलाच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान दिलें, तें अवर्षणाच्या काळीं. याह्वेनें अग्नि पाठविला आणि मग पाऊस पाठविला. म्हणजे बआलाला त्याच्याच आखाड्यांत चीत केलें. त्या दिवसाची अखेर पराभूतांच्या कत्तलींत झाली. नंतर ईजबेल राणीच्या भयानें तो एकटाच दक्षिणेकडे पळाला. ज्या दिशेहून याह्वे आला असें जुनीं गीतें सांगतात, त्याच दिशेला, होरेब पर्वताकडे. तेथें प्रचंड वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नि पेटला. बआलाचा सारा थाट तेथें होता. पण ग्रंथकार म्हणतो कीं, त्यांत याह्वे नव्हता. त्यानंतर जी शांत, मंद वाणी ऐकूं आली, ती ऐकून एलियाहूनें आपल्या झग्यानें तोंड झांकून घेतलें.

कर्मेलपासून होरेबपर्यंतचा हा एका माणसाचा प्रवास म्हणजे त्याच्या राष्ट्राच्या ईश्वरकल्पनेचा प्रवास होय. कोंकणच्या किनाऱ्यावर आलेल्या बेने इस्राएल लोकांनीं शतकानुशतकें इतर यहुद्यांपासून दूर राहूनहि जें थोडें जपलें, त्यांत देवाचें एकत्व सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना होती. त्या प्रार्थनेंत 'एलोहेनू', म्हणजे आमचा देव, हा शब्द त्या अनुच्चारित नामाला लागूनच येतो. मलिद्याच्या ताटापुढें ती म्हणणाऱ्याला उगारितचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या क्षणीं तो तेथें देव एकच असल्याचें सांगतो, त्या क्षणीं कनानच्या त्या जुन्या देवघरांतील वडील पुरुषाचें नांवहि त्याच्या ओठांवर असतें.